घरबाजारातील मध्यस्थ आणि लोकमानस

महाराष्ट्राच्या शहरांत घर भाड्याने घेणारी, विकणारी किंवा विकत घेणारी असंख्य कुटुंबे व्यवहाराच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर मध्यस्थाकडे जातात, त्याच्या सांगण्यावरून आठ-दहा घरे पाहतात, त्याच्या हाती चाव्या आणि कागदपत्रांच्या प्रती सोपवतात, आणि व्यवहार पार पडल्यावर त्याला दिलेल्या रकमेचा उल्लेख मात्र भुर्दंड असाच करतात. वृत्तपत्रांतील छोट्या जाहिरातींच्या शेवटी ‘एजंट क्षमस्व’ असे छापणाऱ्या घरमालकाचा फ्लॅट काही आठवड्यांनी परिसरातील तीन-चार एजंटांच्या यादीत असतो, यात कोणालाही विसंगती वाटत नाही. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्यावर इतके अवलंबून राहणे ही गोष्ट समाजाने सहज स्वीकारली असली तरी ती विचार करण्याजोगी आहे, कारण घर हा बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा खर्च असतो आणि त्या खर्चाच्या वेळी सोबत असलेल्या माणसाविषयीची भावना बाजाराच्या घडणीविषयी पुष्कळ काही सांगून जाते. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे की हा अविश्वास निराधार नाही. परंतु त्याचे मूळ मध्यस्थांच्या स्वभावात शोधल्याने काहीच हाती लागत नाही, कारण ‘हा माणूस नेमका कोणाच्या बाजूने काम करतो’ या प्रश्नाचे उत्तर रूढीने, कायद्याने आणि खुद्द ग्राहकानेही आजवर टाळले आहे, आणि संशयाचे खरे कारण त्या टाळाटाळीत आहे.

मध्यस्थ, दलाल, एजंट, ब्रोकर, इस्टेट एजंट ही सारी नावे एकाच व्यवसायाची आहेत. घर देणारा आणि घर घेणारा यांची गाठ घालून देणे, बोलणी जुळवणे आणि कागद होईपर्यंत दोघांनाही धरून ठेवणे हे त्याचे काम, आणि त्यासाठी मिळणारे शुल्क म्हणजे दलाली किंवा ब्रोकरेज. हे शुल्क कोणत्याही कायद्याने ठरवलेले नाही, ते रूढीने ठरले आहे. मुंबई-पुण्यात भाड्याच्या व्यवहारात साधारणतः एका महिन्याचे भाडे आणि खरेदी-विक्रीत किमतीच्या एक ते दोन टक्के अशी ही रूढी असून दोन्ही पक्षांकडून स्वतंत्रपणे दलाली घेतली जाणे हा तिचाच भाग आहे. व्यवहारात दोन एजंट असतील तर प्रत्येकाने आपापल्या ग्राहकाकडून घ्यावे, या पद्धतीला व्यवसायात ‘साइड बाय साइड’ म्हणतात; एकच एजंट असेल तर दोन्ही बाजू त्याच्याच होतात. ही दुसरी शक्यता पुढील विवेचनात पुन्हा पुन्हा येईल.

लोकांची सर्वांत जुनी तक्रार श्रम आणि मोबदला यांच्या प्रमाणाविषयी आहे. नुसते दार उघडून दाखवले आणि महिन्याचे भाडे घेतले, हे वाक्य भाडेकरूंच्या प्रत्येक पिढीने उच्चारले आहे. या तक्रारीत तथ्य किती हे पाहण्यासाठी दलालीचा मोबदला कायद्याने कधी देय होतो हे लक्षात घ्यावे लागते. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम २१९ प्रमाणे, वेगळा करार झालेला नसेल तर, एखादे कृत्य पार पाडण्याबद्दलचा प्रतिनिधीचा मोबदला ते कृत्य पूर्ण झाल्याखेरीज देय होत नाही. घरबाजाराच्या भाषेत याचा अर्थ असा की ज्या वीस कुटुंबांना मध्यस्थाने घरे दाखवली त्यांपैकी एकाचा व्यवहार झाला, तर उरलेल्या एकोणीस कुटुंबांसाठी केलेली पायपीट, फोन आणि पेट्रोल यांचा खर्च त्या एकाच व्यवहारातून निघतो. ज्याचा व्यवहार होतो तो ग्राहक आपल्या वाट्याला आलेल्या श्रमांचीच किंमत मोजतो आहे असे समजतो, प्रत्यक्षात तो इतरांनी फुकट पाहिलेल्या घरांचीही किंमत मोजत असतो. शिवाय घर पाहून झाल्यावर मालक आणि भाडेकरू परस्पर बोलणी करून एजंटाला वगळतात, हा प्रकारही सर्रास घडतो आणि त्याची जोखीमही दलालीच्या दरातच शिरते. म्हणजे दार उघडण्याचे पैसे ही तक्रार ग्राहकाच्या बाजूने खरी आणि मध्यस्थाच्या बाजूने अन्याय्य अशी एकाच वेळी असते. यशस्वी ग्राहकाने अयशस्वी ग्राहकांचा भार वाहावा ही रचना कोणी विचारपूर्वक स्वीकारलेली नाही. लेखी करार करण्याची सवय नसल्यामुळे ती आपोआप लागू होते.

मध्यस्थाविना घर मिळत असे असा एक काळ होता, अशी समजूत आढळते, आणि ती काही अंशी बरोबर आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या माणसाला खोली मिळे ती गावकीच्या, भावकीच्या किंवा मुकादमाच्या आधाराने. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवर्गावरील आपल्या १९९४ मधील ग्रंथात जॉबर, म्हणजे गिरणीत माणसे भरती करणारा मुकादम, हा कारखान्याच्या फाटकाशी संपत नसून वस्तीतील राहणे, उधारी आणि ओळखीपाळखी यांच्या जाळ्यातही कसा गुंतलेला होता हे सविस्तर दाखवले आहे. मध्यमवर्गाने दुसरा मार्ग काढला. गावदेवीला १९१५ मध्ये स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था हे त्याचे ठळक उदाहरण. एकमेकांना ओळखणाऱ्या, एकाच समाजातील कुटुंबांनी भांडवल उभे करावे आणि घरे बांधून आपसांत वाटून घ्यावीत, या कल्पनेत दलालाला जागाच नव्हती. या संस्थांनी सहकाराचा पाया घातला, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण या दोन्ही मार्गांत घर मिळण्याची पूर्वअट ओळख ही होती, आणि ओळख म्हणजे बहुतेक वेळा जात, गाव आणि नाते. ज्याला शहरात कोणी नव्हते, किंवा ज्याचे आडनाव ऐकून दारे बंद होत, त्याच्यासाठी त्या दलालमुक्त जगात जागा नव्हती.

मध्यस्थाविषयी बोलताना ही बाजू फारशी बोलली जात नाही, म्हणून तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. लातूरहून पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आलेला विद्यार्थी, केरळहून मुंबईच्या रुग्णालयात रुजू झालेली परिचारिका, पतीपासून विभक्त होऊन मुलासह भाड्याचे घर शोधणारी स्त्री, यांच्याजवळ शहरातील ओळख नसते. नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसणारा किंवा मोटारसायकलवर चाव्यांचा जुडगा घेऊन फिरणारा एजंट हा त्यांच्यासाठी शहराचा पहिला रहिवासी असतो, आणि पैसे मोजल्यावर जातगोत न विचारता घर दाखवायला तयार होणारा तो पुष्कळदा एकमेव माणूस असतो. नातेवाइकांच्या आधाराने घर मिळवलेल्या माणसाला दलाली हा निव्वळ अपव्यय वाटणे स्वाभाविक आहे; ज्याला नातेवाईक नाहीत त्याच्या दृष्टीने ती शहरात शिरण्याची फी आहे, आणि ती जबर असली तरी तिच्या बदल्यात काहीतरी मिळालेले असते.

मग या व्यवसायाला लागलेला काळिमा कुठून आला? त्याचे एक मोठे कारण मुंबईच्या भाडे नियंत्रणाच्या इतिहासात आहे. ‘मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७’ या कायद्याने जुन्या घरांची भाडी मुख्यत्वे १ सप्टेंबर १९४० रोजीच्या पातळीवर बांधून टाकली. युद्धोत्तर टंचाईत आणि फाळणीनंतरच्या लोंढ्यात भाडेकरूला आधार देण्याचा हेतू रास्त होता, पण भाडे गोठले आणि मागणी वाढत राहिली, तेव्हा खऱ्या किमतीने दुसरी वाट शोधली. तीच पागडी. पागडी म्हणजे भाडेहक्क मिळवण्यासाठी मालकाला किंवा जुन्या भाडेकरूला दिलेली, पावतीशिवायची एकरकमी रक्कम. ती घेणे कायद्याने गुन्हा होता आणि तरीही तिच्याशिवाय खोली मिळत नव्हती. अशा व्यवहारात मध्यस्थ अपरिहार्य होतो, कारण आकडा उघडपणे छापता येत नाही, पावती मागता येत नाही आणि फसगत झाली तर पोलिसांत जाता येत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना माहीत असलेला आणि दोन्हींकडे तोंड ठेवणारा माणूस लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५६ ने भाडेहक्काच्या मोबदल्यातील अशा रकमेला मान्यता दिली, तोवर अर्धशतक उलटले होते. त्या पन्नास वर्षांत मुंबईकराच्या मनात दलाल आणि चोरटा व्यवहार यांची सांगड घातली गेली ती पुढे सुटली नाही. ज्या रकमेबद्दल मालकाला, भाडेकरूला आणि शासनाला संकोच होता ती हाताळण्याचे काम मध्यस्थाकडे गेले, आणि संकोचाची सारी बदनामीही त्याच्याच वाट्याला आली.

मालकी हक्काच्या सदनिका आल्या तेव्हा हीच रीत नव्या रूपात चालू राहिली. सदनिकांच्या विक्रीतील गैरप्रकार वाढत आहेत असे प्रास्ताविकातच नमूद करून राज्याने १९६३ मध्ये ‘मोफा’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा कायदा केला, आणि नोंदणीकृत करार करण्यापूर्वी विक्री किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बांधकाम व्यावसायिकांना मनाई केली. मध्यस्थाचा विचार मात्र त्या कायद्याने केलाच नाही. पुढच्या दशकांत किमतीचा काही भाग धनादेशाने आणि काही रोखीने, म्हणजे ‘व्हाइट’ आणि ‘कॅश’, ही विभागणी पुनर्विक्रीच्या व्यवहारांत सवयीची झाली. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम आगाऊ म्हणून रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने १ जून २०१५ पासून मनाई केली आहे. तरीही कोणत्या इमारतीत किती ‘कॅश’ची अपेक्षा आहे हे विचारण्याची जागा म्हणजे एजंटच, हे शहरी मध्यमवर्ग जाणून असतो, आणि तो प्रश्न विचारणारा स्वतः त्या व्यवहाराचा सहभागी आहे हे विसरतो.

यापेक्षाही नाजूक काम मध्यस्थावर सोपवले जाते ते नकार कळवण्याचे. ‘फक्त शाकाहारी’, ‘फक्त फॅमिली’, ‘अमुक धर्माचे नकोत’, ‘अविवाहित मुली नकोत’ या अटी घरमालक किंवा सोसायटीचे पदाधिकारी घालतात, पण त्या उच्चारतो एजंट. मुंबईच्या काही भागांत मराठी कुटुंबांनाही याचा अनुभव आला असून त्यावर सार्वजनिक वाद झाले आहेत. मुस्लिम आणि दलित भाडेकरूंच्या बाबतीत हा अनुभव अधिक जुना आणि अधिक सार्वत्रिक आहे, आणि त्यावर तितका गदारोळ झालेला नाही, ही खेदाची बाब येथे नोंदवली पाहिजे. कायद्याची स्थितीही फारशी आश्वासक नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोआस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरवला, आणि खासगी घरमालकाने भाडेकरू निवडताना केलेल्या भेदभावाला थेट रोखणारा सर्वसाधारण कायदा देशात नाही. एजंट मालकाची अट पाळतो, अर्जदाराला आडनाव विचारतो आणि ‘तो फ्लॅट गेला’ असे सांगतो. अर्जदाराचा राग एजंटावर निघतो, मालक सज्जन राहतो. मध्यस्थाचे येथे समर्थन करण्याचे कारण नाही, कारण पूर्वग्रह पोहोचवणारा त्यात सहभागी असतोच. परंतु दलाल वाईट म्हणून घर मिळाले नाही, या स्पष्टीकरणाने समाज स्वतःला सोडवून घेतो, आणि ते खपवून घेता कामा नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. मध्यस्थ कोणाचा? करार अधिनियमाने प्रतिनिधित्वाच्या नात्याची कल्पना स्पष्ट केली आहे: एक व्यक्ती दुसऱ्याला आपल्या वतीने वागण्यासाठी नेमते, नेमलेल्याने नेमणाऱ्याचे हित जपावे, हिशेब द्यावा, आणि नेमणाऱ्याला अंधारात ठेवून त्याच कामात स्वतःचा सौदा करू नये, तसा केला तर त्यातून मिळालेल्या लाभावर नेमणाऱ्याला हक्क सांगता येतो. या नात्यात दोन माणसे असतात. मुंबई-पुण्याच्या घरबाजारात मात्र एकच एजंट मालकाला जास्तीत जास्त भाडे मिळवून देण्याचे आणि भाडेकरूला कमीत कमी भाड्यात घर मिळवून देण्याचे आश्वासन देतो, आणि दोघांकडून शुल्क घेतो. ही दोन आश्वासने एकाच वेळी पाळता येणे शक्य नाही. मग तो प्रत्यक्षात कोणते तिसरे हित जपतो? उत्तर सोपे आहे: व्यवहार लवकर उरकण्याचे.

ही गोष्ट मध्यस्थ एकाच पक्षाचा असला तरी उरतेच, हे अर्थशास्त्राने दाखवून दिले आहे. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास करून २००८ मध्ये असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की एजंट स्वतःचे घर विकतात तेव्हा ते ग्राहकांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के अधिक किमतीला विकले जाते आणि बाजारात सुमारे साडेनऊ दिवस अधिक राहते. याचे कारण अप्रामाणिकपणात शोधण्याची गरज नाही, साधा हिशेब पुरेसा आहे. ८० लाखांना जाणारा फ्लॅट आणखी महिनाभर थांबल्यास ८२ लाखांना जाणार असेल, तर मालकाला दोन लाख अधिक मिळतात, पण एक टक्का दलालीवर काम करणाऱ्याला त्या महिन्याच्या खटपटीचे केवळ दोन हजार. तो मालकाला ‘आता देऊन टाका, मार्केट थंड आहे’ असे सांगतो. खरेदीदाराला तोच माणूस ‘आज टोकन द्या, उद्या फ्लॅट राहणार नाही’ असे सांगतो, टोकन म्हणजे बोलणी पक्की झाल्याची खूण म्हणून दिलेली छोटी आगाऊ रक्कम. लोकांना या वाक्यांचा वीट आलेला असतो आणि ते त्यांना लबाडी म्हणतात. खरे पाहता ही शुल्करचनेची भाषा आहे, आणि रचना बदलल्याविना ती बोलणारा माणूस बदलून उपयोग नाही.

संसदेने स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजे रेरा, संमत केला तेव्हा भारतात प्रथमच या व्यवसायाला देशव्यापी कायद्याची व्याख्या मिळाली. शुल्क घेऊन खरेदीदार आणि विक्रेता यांची गाठ घालून देणारा, मग त्याला डीलर म्हणा, ब्रोकर म्हणा किंवा आणखी काही, या व्याख्येत येतो. कलम ९ ने नोंदणी आवश्यक केली आणि प्रत्येक विक्रीत नोंदणी क्रमांक नमूद करण्याचे बंधन घातले. कलम १० ने नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील घरे विकण्यास मनाई केली, हिशेबाच्या वह्या ठेवणे बंधनकारक केले आणि दिशाभूल करणाऱ्या आश्वासनांना अनुचित व्यापारी प्रथा ठरवले. नोंदणीविना काम केल्यास कलम ६२ खाली दररोज दहा हजार रुपये, आणि एकूण घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, दंडाची तरतूद झाली. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, ही व्यवस्था पाहते. जानेवारी २०२३ मध्ये प्राधिकरणाने आणखी एक महत्त्वाचे पाऊल उचलले आणि एजंटांसाठी प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची केली. पहिली परीक्षा त्याच वर्षी मे महिन्यात झाली, आणि मुदतीत प्रमाणपत्र न मिळवणाऱ्या हजारो एजंटांची नोंदणी पुढे स्थगित करण्यात आली. कार्पेट क्षेत्र म्हणजे काय, भोगवटा प्रमाणपत्राविना ताबा का घेऊ नये, हे सांगणाऱ्या माणसाला ते स्वतःला माहीत असलेच पाहिजे, ही अपेक्षा आधीच्या सत्तर वर्षांत कोणी केली नव्हती.

या सुधारणेचे स्वागत करतानाच तिची हद्द कुठे संपते हे स्पष्टपणे सांगणे भाग आहे. कलम ९ चे बंधन नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरते आहे. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची गरजच पडत नाही. तीस वर्षे जुन्या सोसायटीतील फ्लॅटची पुनर्विक्रीही या बंधनाबाहेर राहते. आणि भाड्याचे व्यवहार तर व्याख्येतच नाहीत, कारण ती व्याख्या विक्रीने होणाऱ्या हस्तांतरणाची आहे. सामान्य माणसाचा एजंटाशी पहिला आणि वारंवार येणारा संबंध भाड्याच्या घरासाठीच येतो. अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे मालकी वा भाडेहक्क न देता राहण्याची परवानगी देणारा करार, संपला की नूतनीकरणाच्या वेळी काही ठिकाणी दलाली पुन्हा मागितली जाते, अनामत परत मिळवताना एजंट फोन उचलत नाही, आणि या तक्रारींसाठी महारेराचे दार उपलब्ध नाही. ज्या ठिकाणी ग्राहक सर्वांत दुर्बळ आहे त्याच ठिकाणी कायदा गैरहजर आहे, आणि लोकमत घडते ते त्याच ठिकाणी.

नव्या प्रकल्पांच्या विक्रीत वेगळा पेच आहे. तेथे एजंटाला ‘चॅनेल पार्टनर’ म्हणतात आणि त्याचे शुल्क बांधकाम व्यावसायिक देतो, त्यामुळे खरेदीदाराला सेवा मोफत मिळाली असे वाटते आणि अविश्वास कमी होतो. वास्तविक तो येथे वाढायला हवा, कारण शुल्क शेवटी घराच्या किमतीतूनच येते आणि कोणता प्रकल्प आधी दाखवायचा हे जास्त मोबदला कोण देतो यावर ठरण्याची शक्यता असते. आपल्या खिशातून थेट पैसे गेले की राग येतो आणि किमतीत मिसळून गेले की येत नाही, हा लोकमानसाचा भाग ग्राहकाच्या हिताच्या विरुद्ध काम करतो.

मधल्या काळात माहिती खुली झाली आहे. सातबारा उतारा, नोंदणी झालेल्या दस्तांचा सारांश देणारी सूची क्रमांक दोन आणि महारेराच्या संकेतस्थळावरील प्रकल्पांचे तपशील आता घरबसल्या पाहता येतात. ‘नोब्रोकर’सारख्या कंपन्यांनी २०१४ पासून दलालाविना घर हेच आपले नाव केले, आणि त्याही आता विविध सेवांचे शुल्क घेतात. तरीही मध्यस्थ नाहीसा झालेला नाही. घरांची सोडत संगणकीय असून आपण कोणताही एजंट नेमलेला नाही, असे आवाहन म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, पुन्हा पुन्हा करावे लागते, यावरून हे दिसते की जेथे मध्यस्थाचे काहीच काम नाही तेथेही लोक तो शोधतात आणि फसतात. माहितीपेक्षा मोठी गरज आश्वासनाची असते, म्हणजे एवढ्या मोठ्या व्यवहारात सोबत कोणीतरी जाणता असल्याची. वकील कागद तपासतो, बँक कर्जापुरते पाहते, पण सोसायटीच्या सचिवाशी बोलणे, पाणी किती वाजता येते हे सांगणे, विक्रेता मुकरू लागला की त्याच्या घरी जाऊन बसणे, ही कामे दुसरे कोणी करत नाही.

इतर समाजांनी या पेचातून काढलेल्या वाटा बोधप्रद आहेत. जर्मनीने जून २०१५ पासून भाड्याच्या घरांसाठी असा नियम केला की ज्याने मध्यस्थ नेमला त्यानेच त्याचे शुल्क द्यावे. इंग्लंडने जून २०१९ पासून भाडेकरूकडून एजंटाने शुल्क घेण्यावर जवळजवळ पूर्ण बंदी आणली. अमेरिकेत खरेदीदाराच्या एजंटाचेही शुल्क विक्रेत्याकडून देण्याची रूढी न्यायालयात अडचणीत आली, मार्च २०२४ मध्ये तेथील एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड केली, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टपासून घर दाखवण्यापूर्वी खरेदीदाराशी शुल्काचा लेखी करार करणे संघटनेच्या एजंटांना बंधनकारक झाले. तेथे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही आता दार उघडण्यापूर्वी कागदावर सही करावी लागते. महाराष्ट्रालाही हा विचार अपरिचित नाही. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे व भाजीपाल्याच्या व्यवहारातील अडत, म्हणजे बाजार समितीतील अडत्याचे कमिशन, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला, व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बंद पुकारला, आणि तरीही दुर्बळ बाजूवरून भार हलवण्याचे तत्त्व राज्याने मान्य केले. मंडईतील शेतकऱ्याला लागू झालेले तत्त्व घर शोधणाऱ्या भाडेकरूला लागू न होण्याचे सबळ कारण दिसत नाही.

त्यासाठी नवा मोठा कायदा येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ ने भाड्याचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी आधीच घरमालकावर टाकली आहे, आणि नोंदणी व मुद्रांक विभागाने तो ऑनलाइन नोंदवण्याची सोय केली आहे. याच अर्जात मध्यस्थ होता काय, त्याला कोणी नेमले, प्रत्येक पक्षाने किती शुल्क दिले आणि नूतनीकरणाच्या वेळी ते पुन्हा देय आहे काय, एवढे चार रकाने वाढवता येतील. ते भरले गेल्यास दोन्हीकडून घेणाऱ्या एजंटाला ते दोघांसमोर लिहून द्यावे लागेल, मालकाला आपल्या अटी आपल्याच सहीखाली ठेवाव्या लागतील, आणि पुण्यातील विद्यार्थ्याला दलाली दिल्याची पावती प्रथमच हाती मिळेल, जी घेऊन तो ग्राहक आयोगापुढे जाऊ शकेल. चोख काम करणाऱ्या एजंटालाही, ज्याच्या नावाची आज कुठेच नोंद राहत नाही, आपण कोणकोणते व्यवहार सरळपणे पार पाडले हे दाखवणारा सरकारी दस्तांतला दाखला त्यातून तयार होईल.